दिव्यांग पार्किंगसाठी धडपडताय? कार्ड काढताना या चुका टाळा

अर्धांगवायूचा झटका येऊन जातो, गुडघे आखडतात, मधुमेहात पाय काढावा लागतो. हिंडणं-फिरणं कमी झालं की दवाखान्याच्या फाटकातच पहिली अडचण उभी राहते: गाडी लावायची कुठं? मग घरातला कुणीतरी आरटीओत नाहीतर नगरपालिकेत ‘दिव्यांग पार्किंगचा पास’ मागायला जातो आणि हात हलवत परत येतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असा वेगळा पास मिळत नाही. राखीव जागेवर हक्क सांगायला हातात लागतं ते यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं देशभर चालणारं ओळखपत्र. खेटे घालायचे तर त्यासाठी घाला.

काही जण रेडियमच्या दुकानातून व्हीलचेअरचं चित्र आणून काचेवर चिकटवतात. लांबून गाडी ओळखू यावी एवढाच त्याचा उपयोग, हक्क त्यानं मिळत नाही. कार्ड माणसाचं असतं, गाडीचं नसतं. मुलाची कार असो, भाच्याची असो की भाड्याची जीप, आत ती व्यक्ती असेल तर कार्ड दाखवा. पण वडील घरी झोपलेले आणि मुलगा त्यांचं कार्ड खिशात घालून राखीव जागेवर गाडी लावतो, हे करू नका. दिव्यांगांची सवलत खोटेपणानं लाटली तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र घरातल्या चालढकलीनं होतं. “वयानं होतंच की,” “आमचे बाबा काय अपंग आहेत का?” असं म्हणत वर्षं निघून जातात. कायदा वय विचारत नाही, जन्मापासून आहे का हेही विचारत नाही. त्यात 21 प्रकार आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. किती टक्के ते डॉक्टरांना ठरवू द्या, घरी बसून “आपल्याला नाही मिळणार” असा निकाल देऊ नका.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा, त्याला सरकारी फी नाही. इथं अडकतं ते नावावर. आधारवर ‘किशनराव’, दवाखान्याच्या कागदावर ‘कृष्णा’, आडनाव एकीकडे आहे तर दुसरीकडे नाही. आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज भरा. मोबाइल नंबरही घरातल्याच माणसाचा द्या. ज्यानं फॉर्म भरून दिला त्याचा नंबर टाकला, तर पुढचे मेसेज त्यालाच जातात.

पावती हातात आली म्हणजे काम झालं असं समजून घरी बसणारे फार आहेत. तपासणीला प्रत्यक्ष जावंच लागतं. जिल्हा रुग्णालयात दिव्यांगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाचा वार ठरलेला असतो, तो विचारूनच गाडी काढा. परांडा किंवा किनवटसारख्या लांबच्या तालुक्यातून आजारी माणसाला चुकीच्या वारी आणणं म्हणजे त्याचे हाल. ज्या सरकारी रुग्णालयात त्या आजारावर उपचार झाले तिथंही अर्ज करता येतो. त्यामुळे संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईला उपचार झाले असतील तर ती वाट आधी तपासा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी तर हे काम दिवाळीआधीच उरकावं. कोयता हातात घेऊन गाव सोडलं की बोर्डाची तारीख हुकलीच म्हणून समजा.

तपासणीच्या खोलीतली एक गोष्ट मला फार लागते. आजी दारातच काठी सुनेच्या हातात देतात, पदर सावरतात, दात आवळून चार पावलं सरळ टाकतात. डॉक्टरांनी विचारलं तर “बरंय साहेब, चालतं आपलं.” पिढ्यानपिढ्या दुखणं गिळायची सवय, पण इथं ती नडते. डॉक्टर सांधा किती वाकतो, स्नायूंत जोर किती, तोल सांभाळतो का हे बघतात. काठी, वॉकर, पट्टा घेऊनच आत जा. जमिनीवर बसता येत नाही, जिना चढताना कुणाला तरी धरावं लागतं, हे नुसतं सांगा. वाढवूनही सांगू नका. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, जुने केसपेपर सोबत असू द्या.

सुधारणेची शक्यता असेल तर प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं मिळतं. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. टक्के कमी लागले असं वाटलं तर निर्णयापासून 90 दिवसांत अपील करता येतं. जुनं कागदी किंवा एसएडीएमचं (राज्याच्या जुन्या संगणक प्रणालीतलं) प्रमाणपत्र पेटीत असेल तर तेही यूडीआयडीत नोंदवून घ्या.

टोलनाक्यावर नुसतं कार्ड दाखवून वाद घालू नका. राष्ट्रीय महामार्गावरची माफी दिव्यांग व्यक्तीसाठी खास तयार केलेल्या वाहनाला आहे. गाडी त्यांच्याच नावावर घेणार असाल तर नोंदणीच्या वेळी मालकीच्या रकान्यात ‘दिव्यांगजन’ लिहून घ्या. ही सोय ऑक्टोबर 2020 पासून आहे.

आणि राखीव जागाच नसेल तर? बसस्थानक, रेल्वे स्टेशनवर दिव्यांगांना वापरता येईल अशी पार्किंगची सोय करणं 2016 च्या कायद्याच्या कलम 41 नुसार सरकारवर बंधनकारक आहे. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत त्या जागेची रुंदी 3.6 मीटर सांगितली आहे. दार सताड उघडून, ताठ पाय आधी बाहेर काढून, मग वॉकर टेकवून उठायला एवढी जागा लागतेच. नुसता पिवळा पट्टा मारून दोन मोटारसायकलींमध्ये सोडलेल्या फटीत ते होत नाही. तसं दिसलं तर फोटो काढा, कलमाचा उल्लेख करून आगारप्रमुख किंवा स्टेशन मास्तरकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.