मणक्याच्या ऑपरेशनच्या स्टडीत नाव द्यायचं का? सही करायच्या आधी हे पाहून घ्या

नागपुरात धंतोली-रामदासपेठेत एखाद्या स्पाइनवाल्या डॉक्टरकडे गेलात, मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीमध्ये न्यूरोसर्जरीच्या ओपीडीत नंबर लावला, नाहीतर मिहानच्या एम्सला गेलात, तर असं होऊ शकतं की डॉक्टर एमआरआय लाइटवर लावतात, मणक्यांमधली गादी सरकली, नस दबून राहिली, ऑपरेशनचा विचार करावा लागेल म्हणतात, आणि मग हळूच म्हणतात की आमच्याकडे एक स्टडी, म्हणजे संशोधन, चालू आहे, बाहेर मॅडम बसल्या आहेत, त्या समजावून सांगतील. त्या मॅडम म्हणजे माझ्यासारखी स्टडीचं काम बघणारी कोऑर्डिनेटर, हातात बऱ्याच पानांचा फॉर्म आणि पेन. समोर भंडारा, गोंदिया, बालाघाटकडून पहाटेच्या गाडीने आलेला माणूस, कंबर धरून बसलेला, त्याला फक्त एवढंच हवं असतं की दुखणं कधी थांबेल. अशा वेळी बरेच लोक न वाचता सही करून टाकतात, आणि काही "आमच्यावर प्रयोग करून राहिले का?" म्हणून उठून जातात. दोन्ही घाई आहे, म्हणून हे लिहून राहिली.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा: ऑपरेशनची सही वेगळी आणि स्टडीची सही वेगळी. ऑपरेशनच्या फॉर्मवर ऑपरेशनचं नाव, भूल, धोके, नातेवाइकाची सही असं असतं. स्टडीच्या फॉर्मवर स्टडीचं नाव, एथिक्स कमिटीचा (स्टडीला मंजुरी देणाऱ्या समितीचा) उल्लेख, आणि "मी स्वतःच्या मर्जीने भाग घेत आहे" अशी ओळ असते. कोणी दोन्ही गठ्ठे एकात एक घालून "इथे करा, इथे करा, अन् इथे" असं बोट दाखवत असेल तर पेन खाली ठेवा आणि विचारा की यातली स्टडीची पानं कोणती. स्टडीला नाही म्हटलं म्हणून तुमचं ऑपरेशन रद्द होत नाही, तारीख पुढे जात नाही, डॉक्टरने रागावायचं नसतं, हे फॉर्ममध्येच लिहिलेलं असतं आणि नसेल तर तो फॉर्मच चुकीचा. मधेच सोडायचं झालं तरी कारण सांगावं लागत नाही.

फॉर्म मराठीत मागा. हिंदी बरी वाटत असेल तर हिंदीत, पण तुम्हाला जी भाषा नीट कळते त्या भाषेत. इंग्रजी फॉर्मवर कोणी तोंडी मराठीत सांगून सही घेत असेल तर ते चालत नाही. आणि घरी न्या हो, घरी नेऊन वाचायचा तुमचा हक्क आहे, पोराला दाखवा, गावातल्या मास्तरला दाखवा, फॅमिली डॉक्टरला दाखवा, ऑपरेशन प्लॅन केलेलं असेल तर दोन-चार दिवसांनी कोणाचं काही बिघडत नाही.

फक्त एक अपवाद लक्षात ठेवा. कंबरेच्या दुखण्यासोबत लघवी अडकली, किंवा कळत नाही की होऊन राहिली, संडासच्या जागी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर झालं, पायातली ताकद भराभर जाऊन राहिली, तर स्टडी-बिडी बाजूला, रात्री असो की दिवसा, सरळ इमर्जन्सीला. खालच्या नसांचा अख्खा जुडगा दबलेला असू शकतो आणि तिथे उशीर झाला तर लघवीचा त्रास कायमचा राहू शकतो.

आता स्टडी कोणत्या प्रकारची आहे ते विचारा, कारण सगळ्या स्टडीत जोखीम सारखी नसते. एमएस ऑर्थो, म्हणजे हाडांच्या ऑपरेशनची पुढची डिग्री करणाऱ्या डॉक्टरांना थीसिस लिहावा लागतो, त्यात खूपदा तुमचं जे ऑपरेशन ठरलंच आहे तेच होतं आणि ते फक्त तुमचे एक्सरे, तुमची फाईल, तुमचं दुखणं किती कमी झालं याची नोंद ठेवतात. यात धोका म्हणाल तर जास्तीच्या चकरा आणि तुमची माहिती बाहेर जायची भीती एवढाच. दुसरा प्रकार म्हणजे दोन उपचारांची तुलना, दुर्बिणीने की उघडून, स्क्रू टाकून की न टाकता, ऑपरेशन की फिजिओ. आणि तिसरा प्रकार म्हणजे नवीन इम्प्लांट (शरीरात बसवायची वस्तू, जसे स्क्रू) किंवा नवीन औषध, त्याला दिल्लीच्या सीडीएससीओची, म्हणजे केंद्र सरकारच्या औषध नियंत्रण खात्याची परवानगी लागते, औषधाला २०१९ चे नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे नियम, इम्प्लांटला २०१७ चे मेडिकल डिव्हाइसचे नियम. तिसऱ्या प्रकारात शंभर प्रश्न विचारले तरी कमीच.

पण मला विचाराल तर एकच प्रश्न सगळ्यात भारी आहे: "डॉक्टरसाहेब, ही स्टडी नसती तर तुम्ही माझं काय केलं असतं?" याचं उत्तर दोन वाक्यांत आणि साध्या मराठीत मिळालं पाहिजे. मग लगेच दुसरं विचारा की त्यापेक्षा स्टडीत जास्तीचं काय होणार, जास्तीचा एमआरआय, जास्तीचं रक्त, जास्तीचे फेरे, आणि त्याचे पैसे कोण देणार. डॉक्टर गोल गोल बोलायला लागले तर समजून घ्या की अजून एकदा विचारायचं आहे.

तुलनेच्या स्टडीत "रॅन्डमायझेशन" असा शब्द येतो, आम्ही ओपीडीत त्याला चिठ्ठी म्हणतो, खरं तर कॉम्प्युटर ठरवतो किंवा बंद लिफाफा असतो. एका काकाजींनी मला सरळ विचारलं होतं, "मॅडम, म्हणजे मले कोणतं ऑपरेशन करायचं ते डॉक्टरले माहीत नाही का, तो चिठ्ठी काढून करन?" प्रश्न बरोबर होता. उत्तर असं की दोन्ही उपचार आज वापरात आहेत, कोणता सरस हे खरोखरच ठरलेलं नाही, तेव्हाच चिठ्ठी टाकायला परवानगी मिळते. डॉक्टरने स्वतः निवडलं तर तब्येतीने धडधाकट लोक एका गटात जातात आणि थकलेले दुसऱ्यात, मग निकालाला अर्थ राहत नाही. काकाजी म्हणाले, "मग मले एक पसंत असन तर?" तर मग सही करू नका, इतकं सोपं आहे ते.

हे सांगायचं कारण आहे. अमेरिकेत स्पोर्ट नावाची मोठी स्टडी झाली, सरकलेल्या गादीचे निकाल २००६ ला आले, ५०१ लोकांची चिठ्ठी निघाली होती, आणि झालं काय तर ऑपरेशनच्या गटातल्या साधारण ६० टक्केच लोकांनी २ वर्षांत ऑपरेशन केलं आणि ज्यांना ऑपरेशन न करता बघायचं होतं त्यातले ४५ टक्के ऑपरेशन करून मोकळे झाले. त्यांना तो हक्क होताच, पण त्या गोंधळात कोणता उपचार भारी हे सांगणं कठीण झालं आणि सर्जन लोक त्यावर वर्षानुवर्षं वाद घालत बसले. नेदरलँड्समध्ये २००७ ची अशीच स्टडी आहे, पायात कळ जाणारे २८३ पेशंट, अर्ध्यांना लवकर ऑपरेशन, बाकीच्यांना थांबून बघा म्हटलं. लवकर ऑपरेशनवाल्यांचं दुखणं लवकर थांबलं, पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गट जवळपास सारखेच बरे, आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनाच शेवटी ऑपरेशन लागलं. तुमचा शेजारी म्हणतो मी ऑपरेशन न करताच बरा झालो आणि तुमची बहीण म्हणते ऑपरेशनशिवाय पर्याय नाही, दोघंही खरं बोलून राहिले असतात, ते असं.

आणि "प्रयोग" या शब्दाला घाबरणाऱ्यांसाठी अजून एक. डोक्याला मार लागलेल्या पेशंटला तीस-एक वर्षं जगभर स्टेरॉइड देत होते, सूज उतरेल म्हणून, छोट्या-छोट्या स्टडी झाल्या, पण त्यातून पक्कं काही ठरलं नाही. मग क्रॅश नावाची ट्रायल झाली, २०,००० पेशंट घ्यायचे होते, १०,००८ वर थांबवावी लागली, कारण स्टेरॉइडवाल्यांपैकी २१.१ टक्के लोक दोन आठवड्यांत दगावले आणि न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. २००४ ला हे छापून आलं. म्हणजे मोठी, पक्की स्टडी न करता वर्षानुवर्षं देत राहणं हाच मोठा प्रयोग होता, फक्त त्याचा पक्का हिशोब कोणी ठेवत नव्हतं.

आता स्टडी खरी आहे की नाही हे मोबाइलवर कसं पाहायचं. फॉर्मवर सीटीआरआय नंबर असतो, सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि आकडा असा. ही आयसीएमआरची, म्हणजे केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, ट्रायल नोंदवायची रजिस्ट्री, २००७ ला सुरू झाली, फुकट आहे, साइट उघडून ट्रायल सर्चमध्ये नंबर टाकला की अख्खं पान येतं. पान इंग्रजीत आहे, कॉलेजात जाणाऱ्या कोणा पोट्ट्याला सोबत बसवा आणि चार गोष्टी पहा. साइट्सच्या यादीत तुमच्या हॉस्पिटलचं नाव आहे का. एथिक्स कमिटीसमोर "अप्रूव्हड" आहे का. पैसा कोण देतो, कंपनी असेल तर कोणती (कंपनीचा पैसा आहे म्हणून स्टडी वाईट असं नाही, पण माहीत असलं पाहिजे). आणि रजिस्ट्रेशनची तारीख पहिला पेशंट घेण्याच्या तारखेच्या आधीची आहे का, कारण १ एप्रिल २०१८ पासून आधी नोंदणी आणि मग पेशंट असाच नियम आहे. नुसती फाईल बघायच्या थीसिसला नंबर नसेल तर लगेच संशय घेऊ नका, पण जी स्टडी तुमचा उपचार ठरवणार आहे तिला नंबर हवाच.

एथिक्स कमिटी म्हणजे हॉस्पिटलच्याच डॉक्टरांची मीटिंग असं लोकांना वाटते. २०१९ च्या नियमांत निदान सात माणसं सांगितली आहेत, त्यात एक वकील, एक सामान्य माणूस, एक महिला, अध्यक्ष बाहेरचा आणि निदान अर्धे लोक त्या संस्थेचे नसलेले. फॉर्मच्या शेवटी त्यांच्या सेक्रेटरीचा फोन नंबर असतो. तो लावा. कोणी लावत नाही, पण तो तुमच्यासाठीच आहे, आणि डॉक्टरला न सांगता लावता येतो.

पैशाचं बोलू. स्टडीसाठी म्हणून जे जास्तीचं करतात त्याचे पैसे तुमच्याकडून घेत नाहीत. ट्रायलमध्ये काही इजा झाली तर आधी फुकट उपचार, आणि ती ट्रायलमुळेच झाली असं ठरलं तर भरपाई, हे फॉर्ममध्ये शोधा. आणि इथे एक गोष्ट जोरात सांगते. मणक्याला मार लागून पाय गेलेल्या पोरांच्या घरी स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) उपचाराचे एजंट पोचतात, लाखो रुपये सांगतात, वर "रिसर्च चालू आहे" असंही म्हणतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या गाइडलाइनप्रमाणे रक्ताच्या काही आजारांत जे बोन मॅरो ट्रान्सप्लांट होते ते सोडून बाकी सगळं स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच देता येतं आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले की ती ट्रायल नाही. शेत विकायच्या आधी एवढं पाहा बाप्पा.

पेशंट बेशुद्ध असेल, रिंग रोडवर गाडी घसरून डोक्याला लागलेलं, तर सही जवळचा नातेवाईक करतो. त्या घाईत कोणाला काही सुचत नाही हे माहीत आहे, तरी एक विचारा की पेशंट शुद्धीवर आल्यावर त्याला परत विचारणार का. विचारायलाच पाहिजे, आणि तो नाही म्हणाला तर नाही. अंगठा लावणारा पेशंट असेल तर स्टडीशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, म्हणजे मी किंवा वॉर्डातली स्टडीची नर्स चालत नाही, तुमच्यासोबतचा शिकलेला माणूस चालतो. सही झाल्यावर एक प्रत तुमच्या हातात आली पाहिजे, तुमच्या आणि डॉक्टरच्या सहीची, तारखेसकट.

मग येतात प्रश्नावल्या, आणि लोक कंटाळतात ते इथेच. कंबरेसाठी ऑस्वेस्ट्री म्हणून एक आहे, दहा प्रश्न, बसणं, उभं राहणं, वजन उचलणं, झोप, प्रवास, प्रत्येकाला ० ते ५, बेरजेची दुप्पट केली की टक्के. त्यात एक प्रश्न नवरा-बायकोच्या संबंधांचाही आहे, सून बाजूला बसली असते आणि काकाजी खाली पाहतात. तो सोडता येतो, त्याचा हिशोब वेगळा करता येतो, नुसतं "हे नको" म्हणा. बाकीचे मात्र खरे भरा. ऑपरेशनच्या आधी जास्त दुखते असं सांगायचं म्हणजे डॉक्टर लक्ष देतील, आणि नंतर डॉक्टरला बरं वाटावं म्हणून "एकदम मस्त" सांगायचं, हे आमच्याकडे खूप होते, आणि मग कागदावर असं ऑपरेशन भारी दिसते जे खरं तितकं भारी नाही. जागच्या जागी भरा, घाईत नाही, आणि पोराला तुमच्या वतीने गोल करू देऊ नका, दुखणं तुमचं आहे.

स्क्रू-रॉड टाकले असतील तर डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटच्या स्टिकरची प्रत मागा, बॅच नंबरसकट. ते स्टिकर ऑपरेशन थिएटरच्या नोट्सला चिकटवलेलं असतं, तुमच्या फाईलमध्ये बऱ्याचदा येत नाही, आणि पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे एमआरआय करायची वेळ आली की आत कोणता धातू आहे ते शोधत बसावं लागते.

फॉलोअप साधारण दीड महिना, तीन महिने, सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षं असे असतात. वर्षभरात बरं वाटलं की लोक येत नाहीत, आणि ज्यांना बरं वाटलं नाही ते दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, दोन्हीकडून आमचा आकडा बिघडतो. न्यायचं नसेल पुढे तर तसं सांगून सोडा, चालते, पण गायब नका होऊ. मोबाइल नंबर बदलला, पुण्याला पोराकडे राहायला गेलात, तर एक फोन करून कळवा, बऱ्याच प्रश्नावल्या फोनवरही होतात. आणि प्रवासखर्च मिळणार असं फॉर्ममध्ये लिहिलं असेल तर एसटीचं तिकीट फेकू नका, फाईलमध्येच टाचून ठेवा, मोबाइलवर बुक केलं असेल तर स्क्रीनशॉट ठेवा, बिलाशिवाय अकाउंटवाले पैसे सोडत नाहीत आणि मग तुम्ही माझ्याशी भांडता.