इटालियन जोडीदारामार्फत नागरिकत्व : इटलीबाहेर राहून अर्ज करताना

इटालियन नागरिकाशी लग्न झालेल्या आणि पुण्यात, दुबईत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या व्यक्तीला १९९२ च्या इटालियन नागरिकत्व कायद्यानुसार लग्नाला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर अर्ज करता येतो; इटलीत वास्तव्य असल्यास हीच मुदत दोन वर्षांची असते. मात्र लग्न भारतात झाले असेल, तर त्याची नोंद आधी जोडीदाराच्या इटलीतील नगरपालिकेत झालेली असावी लागते. ही नोंद इटलीच्या वाणिज्य दूतावासामार्फत करून घ्यावी आणि ती लग्नानंतर लगेचच करावी, कारण तिच्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही.

आपल्याकडच्या अर्जदारांची खरी अडचण होते ती जन्मदाखल्यापाशी. जुन्या दाखल्यांवर पुष्कळदा बाळाचे नावच नसते, फक्त आईवडिलांची नावे आणि ‘मुलगी’ एवढाच उल्लेख असतो. अशा वेळी ज्या महानगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जन्माची नोंद आहे तेथे अर्ज करून नाव घालून घ्यावे लागते. त्यातच लग्नानंतर नाव, मधले नाव आणि आडनाव अशी तिन्ही बदलण्याची आपली रीत आहे, तर इटलीत स्त्रीची कायदेशीर ओळख आयुष्यभर माहेरच्याच नावाने राहते. दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरे नाव दिसले की या दोन व्यक्ती नसून एकच आहे, हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. म्हणून राजपत्रातील नामबदलाची प्रत शोधून ठेवावी आणि अर्जात नाव कसे लिहायचे हे वाणिज्य दूतावासाला आधीच लेखी विचारावे. माझ्या मते या कामाला बाकी सगळ्यापेक्षा अधिक वेळ राखून ठेवणे शहाणपणाचे आहे.

नाव दुरुस्त झालेल्या जन्मदाखल्यावर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचे प्रमाणन) घ्यावे आणि त्याचे इटालियन भाषांतर करून घ्यावे. जन्मदेशातून, तसेच वयाच्या चौदाव्या वर्षानंतर जेथे जेथे वास्तव्य झाले त्या प्रत्येक देशातून पोलीस दाखलाही (गुन्ह्यांची नोंद आहे की नाही हे सांगणारा) लागतो. तो साधारणपणे सहा महिनेच ग्राह्य धरला जात असल्याने सर्वांत शेवटी काढावा.

२०१८ पासून इटालियन भाषेचे बी-१ पातळीचे, म्हणजे रोजचे व्यवहार करता येतील अशा मध्यम पातळीचे, प्रमाणपत्र आवश्यक आहे. ते सिएना किंवा पेरुजा येथील परदेशी विद्यार्थ्यांसाठीची विद्यापीठे, रोमा त्रे विद्यापीठ अथवा दान्ते अलिगिएरी संस्था यांपैकी एकाच्या परीक्षेचे असावे. घरात इटालियन बोलली जात असली तरी लेखी परीक्षेचा सराव वेगळा करावा लागतो, हे विसरू नये.

अर्ज इटलीच्या गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरायचा असून शुल्क २५० युरो आहे. निर्णयाची मुदत २४ महिन्यांची आहे आणि ती ३६ महिन्यांपर्यंत वाढू शकते. या काळात घटस्फोट किंवा कायदेशीर विभक्ती झाल्यास अर्जाचा आधारच नाहीसा होतो. २०२५ मध्ये इटलीने वंशपरंपरेने मिळणाऱ्या नागरिकत्वाचे नियम बरेच कडक केले असल्याने, अर्ज भरण्यापूर्वी लग्नाद्वारे मिळणाऱ्या नागरिकत्वाच्या अटीही दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा वाचाव्यात.

मंजुरी कळवल्यापासून सहा महिन्यांत शपथ घ्यावी लागते आणि शपथेच्या दुसऱ्या दिवसापासून नागरिकत्व लागू होते. १९५५ च्या भारतीय नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार त्याच वेळी भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणे गुन्हा ठरतो. तो परत करून समर्पणाचा दाखला घ्यावा आणि मग ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठी अर्ज करावा. हे कार्ड हाती येईपर्यंत भारतात येणे अडू शकते. त्यामुळे शपथेनंतरच्या काही महिन्यांत घरचे लग्नकार्य असेल, तर दूतावासाशी बोलून शपथेची तारीख त्या सहा महिन्यांच्या आतच पुढेमागे करता येते का, हे पाहावे.

जे भारतातच राहून अर्ज करतात त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की शपथेनंतर ते स्वतःच्या घरात परदेशी नागरिक ठरतात. मतदानाचा हक्क जातो. ओसीआय कार्डधारकाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली जमीन मात्र ठेवता येते, आणि म्हणून वडिलोपार्जित सातबाऱ्यावर आपले नाव लागायचे राहिले असेल तर ते काम शपथेपूर्वीच उरकून घ्यावे.