बंदूक गावातल्या गावात विकताय? या चुका टाळा

कोकणात खासगी बंदूक विकली जाते ती बहुतेक वेळा शेतीसंरक्षणाची. म्हातारा बागेत फिरेनासा होतो, मुलं मुंबईला असतात. शेजारच्या वाडीतल्या कुणाच्या तरी माडांवर वानर उतरलेले असतात, नाहीतर भातात रानडुकरं शिरलेली असतात. त्याला बंदूक हवी असते आणि आपल्याकडे ती नुसती पडून असते. इथवर सगळं ठीक आहे. घोळ होतो तो यापुढे, आणि दर वेळी त्याच त्या चुकांनी. पंचक्रोशीतले लोक असले कागद घेऊन माझ्याकडे येतात, पण बरेचसे व्यवहार उरकून येतात. दोन महिने आधी आले असते तर निम्म्यांचा त्रास वाचला असता.

स्टॅम्प पेपर केला म्हणजे झालं, असं समजणं

सगळ्यात मोठी चूक हीच. गाय विकावी तशी लोक बंदूक विकतात. स्टॅम्प पेपर, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, आणि संध्याकाळी बंदूक पोत्यात गुंडाळून दुसऱ्या घरी. कुणी हटकलंच तर उत्तर ठरलेलं: "आपलोच माणूस मा, कागद कित्याक व्हये?"

कणकवलीकडच्या एका वाडीत एका निवृत्त मास्तरांनी असंच केलं. घेणाऱ्याचा परवान्याचा अर्ज गेलेला होता, परवाना मात्र हातात आला नव्हता. "येतलोच, साहेब म्हणालेत," या भरवशावर मास्तरांनी बंदूक देऊन टाकली. पुढे निवडणूक लागली. आचारसंहितेत परवान्यावरची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करून घेतात, हे इथल्या प्रत्येक परवानाधारकाला माहीत आहे. यादीत नाव मास्तरांचं. हवालदार पडवीत येऊन बसला, बंदूक मागितली. मास्तरांनी कपाटातून नीट घडी घालून ठेवलेला स्टॅम्प पेपर काढून दिला. त्यात तारीख होती, किंमत होती, बंदुकीचा नंबर होता, दोघांच्या सह्या होत्या. परवाना नसलेल्या माणसाला बंदूक दिली हे त्यांनी स्वतःच्या सहीने लिहून ठेवलं होतं. गुन्हा दोघांवर दाखल झाला. साक्षीदार म्हणून सही करणाऱ्या दोन शेजाऱ्यांनाही जबाबासाठी खेपा घालाव्या लागल्या.

कायदा काय सांगतो ते लक्षात ठेवायला कठीण नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५(२) प्रमाणे स्वतःच्या वापरासाठी कायदेशीर बाळगलेली बंदूक दुसऱ्या पात्र माणसाला विकता येते, त्यासाठी विक्रेत्याला दुकानदाराचा परवाना लागत नाही. मात्र त्याआधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं, त्यात घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस जावे लागतात. कलम २९ त्याहून महत्त्वाचं: समोरचा बंदूक बाळगायला पात्र आहे याची खात्री न करता ती त्याच्या ताब्यात देणं हाच मुळात गुन्हा. म्हणजे खात्री करायची जबाबदारी विकणाऱ्याची.

माझी पद्धत अशी. अर्जाच्या दोन प्रती, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बारनिशीत, म्हणजे टपाल घेतात तिथे, देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख. पोलीस ठाण्यातही एक प्रत, तिचीही पोच. त्या दिवसापासून ४५ दिवस मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण. तेवढ्यावर न थांबता त्याच कार्यालयाच्या गृह शाखेचं विक्रीपरवानगीचं पत्र हातात पडेपर्यंत बंदूक माझ्याच घरात राहते. आणि इसार घ्यायचा नाही. पाच हजार आधी घेतले की घेणारा रोज फोन करतो, आपल्यालाही भीड पडते आणि विसाव्या दिवशी बंदूक जाते. ज्याला ४५ दिवस धीर धरवत नाही त्याला मी बंदूक देत नाही. भाताला डुकरं लागली की तातडी असते हे मी जाणतो, पण डुकरं दर वर्षी येतात. अर्ज मे महिन्यात करावा.

विकण्याआधी बंदूक घासून चकाचक करणं

समुद्राच्या खाऱ्या हवेत नळीला गंज चढतोच. गिऱ्हाईक बघायला येणार म्हणून कुणीतरी पॉलिश पेपर घेऊन बसतो आणि गंजाबरोबर नंबरही उडवतो. कलम ८ नुसार बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण खोडणं, काढणं, बदलणं यावर बंदी आहे. तशी खाडाखोड झालेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती केली, असं उलट सिद्ध होईपर्यंत कायदा धरून चालतो. म्हणजे तुम्ही घासलेली बंदूक घेणारा माणूस फुकट अडकतो.

नंबर वाचायचा तर बंदूक रिकामी असल्याची खात्री करून मशीनचं तेल लावलेलं फडकं रात्रभर त्या जागेवर गुंडाळून ठेवा. सकाळी सुती कापडाने पुसा. मग खडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवा आणि बॅटरीचा उजेड बाजूने तिरका मारा. खोलगट आकडे पांढरे दिसतात. ३ आणि ८ मधली गल्लत याने सुटते, आणि ही गल्लत मी कितीतरी परवान्यांवर पाहिली आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला, त्याआधीचे परवाने रत्नागिरीचे. परवान्याचं पुस्तक बदलताना हाताने उतरवलेला आकडा चुकला की पुढची सगळी नूतनीकरणं चुकीच्या नंबरावर होतात. आकडा जुळत नसेल तर आधी दुरुस्तीचा अर्ज, मग विक्रीचा. दोन्ही एकत्र करायला जाऊ नका, दोन्ही अडकतात.

परवान्याचा मोबाईलवरचा फोटो बघून हो म्हणणं

मूळ परवाना हातात घ्या. मुदत, युनिक नंबर आणि आत आधीच किती शस्त्रांची नोंद आहे ते बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन चालायच्या. परवाना कसला आहे तेही वाचा. शेतीसंरक्षणासाठी कायदा मुळात ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची, बंदूक धरतो. तिने भागणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळते. ठासणीच्या परवान्यावर बारा बोरची काडतुसाची बंदूक घ्यायला निघालेले महाभाग मी पाहिलेत, त्यांना विकायला तयार झालेलेही.

वारसांची घाई

गणपतीला चाकरमानी येतात, माळा झाडताना आजोबांची बंदूक निघते आणि विसर्जनाच्या आत ती विकायची असते. परवाना ज्याच्या नावावर होता तो गेला की ती बंदूक घरात ठेवण्याचा हक्क संपतो. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. तिथे जमा असतानाच वारसाला ती पात्र माणसाला विकता येते, पैसे वारसालाच मिळतात. ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर सरकारजमा. घाबरून विहिरीत टाकू नका, नोंद तशीच राहते आणि बंदूक कुठे याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

माळ्यावरची ठासणीची बंदूक भरलेली आहे असंच धरून चाला. नळीचं तोंड कुणाकडेही न करता दारू ठासायचा गज आत सैल सोडा आणि बाहेर किती उरतो ते बघा. तोच गज नळीला बाहेरून लावून पाहिला की आत काही आहे का ते कळतं. आत काही असेल तर गजाने उकरू नका, ठाण्यात कळवा.

वडील हयात असतील तर त्यांचं वय ७० झाल्यावर किंवा बंदूक २५ वर्षं बाळगल्यावर वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. तो वेळेत केला तर हे सगळं टळतं.

छोट्या पण महागात पडणाऱ्या

उरलेली काडतुसं बंदुकीबरोबर "अशीच" देऊ नका, त्यांनाही तोच कायदा लागू आहे. दमट हवेत फुगलेली तर मुळीच नकोत.

बंदूक दाखवायला बांद्यापलीकडे गोव्यात नेऊ नका. परवान्याची हद्द आधी वाचा.

व्हॉट्सअपच्या ग्रुपवर फोटो टाकू नका. घरात बंदूक आहे हे चोरालाही कळतं.

माणूस न बघता विकणं

कागद पूर्ण असला तरी मी नाही म्हणू शकतो, आणि म्हणतो. घेणाऱ्याच्या घरी एकदा जाऊन बसल्याशिवाय मी कुणालाही हो म्हणण्याचा सल्ला देत नाही. बंदूक कुठे ठेवणार ते विचारा. दारामागे खुंटीला टांगणार म्हणाला आणि घरात शाळेतली पोरं असतील तर कुलपाचं कपाट येईपर्यंत थांबा. बांधावरून भावाशी दावा चालू असेल तर देऊच नका, मग त्याचा सातबारा कितीही स्वच्छ असो. भाऊबंदकीत रागाच्या एका संध्याकाळी काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. संध्याकाळी रोज पिणारा असेल तर देऊ नका. बोलताना बागेचं नाव निघत नाही आणि मटणाचं निघतं, असा असेल तर तो शिकारीसाठी घेतो आहे, आणि वन्यजीव कायद्याखाली तो पकडला गेला की बंदूक कुठून आली हे विचारत वनखातं तुमच्याकडे येणार. घरातल्या बाईला ही बंदूक घरात हवी आहे का, तेही सहज विचारा. एका घरी नवरा उत्साहाने बोलत होता आणि ती माऊली चहा ठेवून नुसती दारात उभी राहिली. मी विकणाऱ्याला तिथल्या तिथे उठवलं.

नाही म्हणताना कारण द्यायची गरज नसते. "घरच्यांचो विचार बदललो" एवढं पुरतं.

व्यवहार झाल्यावर एक काम बहुतेक जण विसरतात. घेणाऱ्याच्या परवान्यावर बंदूक चढली तरी तुमच्या परवान्यावरून नोंद कमी झाली का, ते पुस्तक स्वतः घेऊन जाऊन करून घ्या आणि त्या पानाची झेरॉक्स परवानगीच्या पत्राला टाचून ठेवा. पुढच्या निवडणुकीत यादी त्यावरूनच निघते.