समाजकार्याच्या लघुप्रबंधात संदर्भ कसे द्यावेत

एम.एस.डब्ल्यू. या समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीच्या लघुप्रबंधातील संदर्भांच्या चुका शेवटच्या आठवड्यात उघड होतात, पण त्या घडलेल्या असतात कितीतरी आधी, टिपणवहीत. म्हणून एखादे वाक्य उतरवून घेतानाच त्याच्या शेजारी लेखक, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठक्रमांक लिहावा, आणि ते शब्दशः घेतले आहे की आपल्या शब्दांत मांडले आहे याची खूण तिथल्या तिथे करावी. सहा महिन्यांनंतर अवतरणचिन्ह नसलेली ओळ कोणाची, हे ती लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमांत बहुधा एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, संदर्भशैली मागितली जाते. तिची सातवी आवृत्ती 2019 मध्ये निघाली. मूळ नियम सोपा आहे: मजकुरात कंसात आडनाव व वर्ष द्यायचे आणि शब्दशः अवतरण असेल तर पृष्ठक्रमांकही जोडायचा. लेखक तीन किंवा अधिक असतील, तर पहिल्या उल्लेखापासूनच पहिल्या लेखकाच्या आडनावापुढे ‘व इतर’ लिहावे. चाळीस किंवा त्याहून अधिक शब्दांचे अवतरण अवतरणचिन्हांशिवाय, समास सोडून, स्वतंत्र परिच्छेदात घ्यावे. ‘डॉ.’, ‘प्रा.’ या उपाध्या संदर्भात येत नाहीत. नुसते ‘आंबेडकर’ लिहिताना आपला हात थोडा अडखळतो, हे खरे. पण हा संदर्भ आहे, संबोधन नव्हे.

आंबेडकरांच्याच लेखनावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. जातिनिर्मूलनावरील त्यांचा इंग्रजी प्रबंध 1936 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा येतो तो महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने 1979 मध्ये काढलेला, समग्र लेखनाचा पहिला खंड. नुसते (आंबेडकर, 1979) लिहिले तर 1956 मध्ये निधन झालेल्या लेखकाने तेवीस वर्षांनंतर युक्तिवाद केल्यासारखे दिसते. येथे (आंबेडकर, 1936/1979) असे दोन्ही वर्षांसह लिहावे आणि पृष्ठक्रमांक मात्र हातातल्या खंडाचाच द्यावा. मूळ ग्रंथ पाहिलाच नसेल आणि त्यातील विधान दुसऱ्याच्या पुस्तकात वाचले असेल, तर ‘अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’ असे मोकळेपणाने म्हणावे व शेवटच्या संदर्भसूचीत आपण वाचलेले पुस्तकच नोंदवावे. न वाचलेल्या ग्रंथांनी सूची फुगवलेली परीक्षकांना लगेच कळते.

आकडेवारी वर्तमानपत्रातून उचलू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे क्षेत्रकाम 2019 ते 2021 या काळात झाले आणि अहवालाचे लेखकत्व मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे व आयसीएफकडे आहे. म्हणून लेखकाच्या जागी या दोन संस्था येतात, बातमीदार नव्हे. ‘जनगणनेनुसार’ एवढेच लिहिणेही अपुरे आहे. 2011 च्या जनगणनेतील नेमका तक्ता सांगावा. कायद्याचा उल्लेख त्याच्या पूर्ण नावाने व कलमासह करावा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आला, तरी त्याच्या नावातले वर्ष 2005 हेच आहे आणि संदर्भात तेच राहते.

शासन निर्णयाचा संदर्भ देताना ‘जीआरनुसार’ म्हणून सुटका करून घेण्याची सवय फार आहे. विभागाचे नाव, पूर्ण विषय, क्रमांक आणि दिनांक या चारही गोष्टी लिहाव्यात. निर्णयाच्या शेवटी ‘संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक’ अशा शब्दांपुढे जो लांबलचक आकडा असतो, तोही उतरवून घ्यावा; त्यावरून वाचकाला नेमका तोच निर्णय शोधता येतो. व्हॉट्सअॅपवर आलेल्या पीडीएफवर विसंबण्यापूर्वी त्या निर्णयात नंतर सुधारणा झाली आहे का, हे पाहून घ्यावे.

आतापर्यंतच्या साऱ्या खटाटोपाचा हेतू वाचकाला साधनापर्यंत पोहोचवणे हा होता. मुलाखत दिलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तो उलटतो, आणि समाजकार्यात खरी जोखीम येथेच आहे. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याने आपल्या पदाच्या नात्याने दिलेली माहिती त्याच्या संमतीने ‘वैयक्तिक संवाद’ म्हणून नाव व दिनांकासह मजकुरात द्यावी. ती वाचकाला मिळवता येत नसल्यामुळे सूचीत येत नाही. अभ्यासातील सहभागी व्यक्तीचे बोलणे मात्र वैयक्तिक संवाद म्हणूनही नोंदवायचे नाही. ते आपले संशोधन-साहित्य आहे. (सहभागी 7) असा क्रमांक किंवा बदललेले नाव पुरते. नाव बदलले म्हणजे ओळख लपली, असेही समजू नये. ‘मेळघाटातील’ म्हणून गावाचे नाव लिहिले आणि पुढे ‘अंगणवाडी मदतनीस, वय 34, परित्यक्ता’ असे लिहिले, तर त्या गावात अशी बाई एकच असते आणि गाव तिला ओळखते. अशा वेळी गाव गाळावे, वयाऐवजी वयोगट द्यावा. मुलांच्या बाबतीत हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही: बाल न्याय अधिनियम, 2015 चे कलम 74 कायद्याच्या प्रक्रियेत आलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करते.

बांधणीला देण्यापूर्वी मजकुरातील प्रत्येक संदर्भ सूचीत आणि सूचीतील प्रत्येक नोंद मजकुरात आहे का, हे दोन रंगांच्या पेनांनी ताडून घ्यावे. मग परिशिष्ट उघडावे. आत नावे बदलून, गाव गाळून झाल्यावर शेवटी सह्यांसह संमतिपत्रांच्या झेरॉक्स जोडलेले लघुप्रबंध मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत. तेथे संमतिपत्राचा कोरा नमुना लावावा आणि सह्या असलेली पत्रे कुलपात ठेवावीत.