मानसशास्त्रात एम.ए. करायचंय? फी भरण्याआधी हे वाचा

बी.ए.चा निकाल लागला की सातारा-सांगलीकडे एक प्रश्न हमखास येतो: "समुपदेशक व्हायचंय, कुठला कोर्स करू?" खरं तर आधी काम ठरवायला हवं. पदवी त्यावरून ठरते.

शाळा-कॉलेजात मुलांशी बोलायचं असेल, एखाद्या संस्थेत समुपदेशन करायचं असेल, तर मानसशास्त्रातलं एम.ए. हा नेहमीचा रस्ता. प्राध्यापकीसाठी त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. पण दवाखान्यात मानसिक आजाराचं मूल्यमापन आणि थेरपी करणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. साध्या एम.ए.वर ती मिळत नाही. तिच्यासाठी परिषदेने मान्य केलेलाच कोर्स हवा. पूर्वी त्याला एम.फिल. हे ठरलेलं उत्तर होतं. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, त्याच्या प्रवेशांना २०२५-२६ पर्यंतच मुदत दिली, त्यामुळे दोन-चार वर्षांपूर्वी पास झालेल्या ताईचा सल्ला आज चालेलच असं नाही. आणि गोळ्या लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएस करून पुढे गेलेला असतो, ती वाट वेगळीच.

आता प्रवेश. बी.ए.ला मानसशास्त्र विषय असेल तर सरळ आहे. नसेल तर त्या विद्यापीठाची पात्रतेची अट माहितीपत्रकात वाचा, कॉलेजच्या गेटवर कोणी सांगितलं त्यावर जाऊ नका. सांगली जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली येतो, साताऱ्यातली बरीच कॉलेजंही. पण सातारा शहरात २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही आहे. तेव्हा तुमचं कॉलेज नेमकं कुठल्या विद्यापीठाचं, हे आधी बघा. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्रासाठी लगेच अर्ज करा. नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणीचे कागदही शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

नोकरी सांभाळून घरबसल्या करायचा बेत असेल तर थांबा. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. त्यानंतरही कोणी "ऑनलाइन एम.ए. सायकॉलॉजी, सीट शिल्लक" म्हणत असेल तर पैसे देऊ नका.

एम.ए. दोन वर्षांचं, चार सत्रांचं. चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल तर एका वर्षाचं. यात सगळ्यात जास्त दमवते ती संख्याशास्त्राची वही. समुपदेशनासाठी आलेली पोरं प्रमाण विचलन आणि सहसंबंध बघून हबकतात. बी.ए.च्या सुट्टीतच सरासरीपासून टी-टेस्टपर्यंत (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासण्याची रीत) हाताने गणितं सोडवून ठेवा, पुढच्या संशोधन प्रकल्पात तीच कामी येतात. चाचणीच्या गुणांवरून एखाद्या मुलाबद्दल मत द्यायचं, तर ते गुण आले कुठून हे कळायला नको?

प्रॅक्टिकलला तेवढाच जीव लावा. आरशात बघून चांदणी गिरवायचा प्रयोग घ्या. प्रयोज्याला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्याला, हात दिसत नाही, फक्त आरशातली चांदणी दिसते. पेन्सिल कोपऱ्यावर आली की भलतीकडेच पळते आणि माणूस चिडतो. तुम्ही स्टॉपवॉच धरून चुका मोजायच्या, पण "अहो, इकडे वळवा" म्हणायचं नाही. पुढे समोरचा बोलता बोलता अडतो, तेव्हा मध्येच सल्ला न देण्याची सवय इथूनच लागते.

कोर्समधल्या ऑन-जॉब ट्रेनिंगची, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकण्याची, जागा स्वतः शोधायची वेळ येऊ शकते. सत्र सुरू होताच शाळा, व्यसनमुक्ती केंद्रं, मिरजेतले दवाखाने यांना विभागाचं पत्र घेऊन भेटा. तिथे कोणाच्या हाताखाली काम करणार, ते आधी विचारा. नुसतं रजिस्टर भरायला बसवणार असतील तर दुसरीकडे बघा. अहवालात नाव, गाव, आडनाव लिहायचं नाही. आपल्याकडे "कराडची शिक्षिका, नवरा एसटीत" एवढ्यावरही माणूस ओळखू येतो. तीच व्यक्ती साताऱ्यात राजवाड्यावर समोर आली, तर आपणहून ओळख दाखवू नका; ती बोलली तरच बोला.

क्लिनिकलकडे जायचं पक्कं असेल तर आरसीआयच्या संकेतस्थळावर ती संस्था आणि तो कोर्स त्या वर्षासाठी मान्य आहे का ते बघा. यादीत नाव नसेल तर फी भरू नका.