स्लॅब टाकण्याआधी: मराठवाड्यात नवं घर बांधताना उन्हाची तयारी

आपल्याकडे घर बांधायला काढलं की पहिली चौकशी वाळूच्या भावाची, दुसरी गवंड्याची आणि तिसरी मुहूर्ताची. उन्हाची चौकशी वास्तुशांत झाल्यावर, पहिल्या एप्रिलात सुरू होते, आणि तोवर हातात कूलर आणणं एवढंच उरलेलं असतं. साइटवर इतकी वर्षं काढून मी स्वतःच्या परभणीच्या घरात हेच केलं. स्लॅबवरचा उष्णतारोधक थर ‘पुढच्या हप्त्यात बघू’ म्हणून ठेवला. तो हप्ता फर्निचरने खाल्ला. मे महिन्यात रात्री अकरा वाजता छताला हात लावला की दुपारचं ऊन अजून आत उतरतंय हे कळतं. म्हणून ही तयारी कामाच्या क्रमाने सांगतो, नियमांच्या कलमांच्या क्रमाने नाही.

नकाशा काढायला देण्याआधी प्लॉटवर जा, संध्याकाळी चारच्या सुमारास. मोबाइलमधलं होकायंत्र उघडा आणि पश्चिम कुठे आहे ते खडूने कंपाउंडवर लिहून ठेवा. त्या बाजूला झाड आहे का, शेजाऱ्याची दुमजली भिंत आहे का, की सरळ उघडं रान आहे, हे टिपून घ्या. मराठवाडा साधारण साडेसतरा ते साडेवीस अक्षांशांत येतो. त्यामुळे मेच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. नेमक्या कडक दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. दीड फुटाचा छज्जा तिला पुरून उरतो. सगळा मार गच्चीवर, आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. पश्चिमेचं ऊन तिरपं, छज्ज्याखालून थेट पलंगापर्यंत येणारं. तिथे आडवा छज्जा निरुपयोगी. उभी पडदी, जाळी किंवा बाहेरून बंद होणारी लाकडी झडप हवी. जिना, मोरी, स्टोअर पश्चिमेला ढकलता आले तर निम्मं काम कागदावरच होतं. वास्तूवाले काय सांगतात ते तुम्ही आणि ते बघून घ्या.

मग आपल्याला कोणता नियम लागतो ते ठरवा. घरांसाठी केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची इको निवास संहिता आहे, म्हणजे घरात उष्णता कमी शिरावी आणि वीज वाचावी यासाठीचे नियम. तिचा पहिला भाग, भिंत-छत-खिडक्यांचा, 2018 साली आला. ती 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या निवासी इमारतींसाठी आहे, वर फ्लॅट आणि खाली दुकानं असतील तर फ्लॅटच्या भागालाही. 500 चौरस मीटर म्हणजे सुमारे 5,380 चौरस फूट. आपला नेहमीचा तीस बाय चाळीसचा प्लॉट 1,200 फुटांचा, म्हणजे तो यात येत नाही. दुकान, रुग्णालय, हॉटेल, मंगल कार्यालय यांच्यासाठी ईसीबीसी (ऊर्जा संवर्धन इमारत संहिता) ही वेगळी संहिता आहे: पहिली 2007 ची, सुधारित 2017 ची. वीजजोडणीचा भार 100 किलोवॅट किंवा करारातली मागणी 120 केव्हीए झाली की ती लागू होते. ऊर्जा संवर्धन कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर या संहितांची व्याप्ती वाढवली गेली. केंद्राचे नियम राज्य आणि स्थानिक संस्थेमार्फत अंमलात येतात, म्हणून परवानगीचा अर्ज भरण्याआधी नगररचना विभागात जाऊन ‘माझ्या प्लॉटला आज कोणती कागदपत्रं लागतील’ हे लेखी घ्या. तोंडी उत्तराला आपल्याकडे फार किंमत नसते.

पण नियम लागत नाही म्हणून त्यातले आकडे फेकून देऊ नका. तीस बाय चाळीसवाल्याला त्यांचा उपयोग जास्त आहे, कारण त्याच्याकडे सल्लागार नसतो.

हे आकडे कुठले घ्यायचे ते हवामान विभागावर ठरतं. संहितेत देशाचे पाच विभाग आहेत: उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे संहितेतल्या शहरांच्या यादीतलं औरंगाबाद, उष्ण-कोरड्यात, सोलापूरही त्यातच. नागपूर संमिश्र, मुंबई उष्ण-दमट, बंगळुरू समशीतोष्ण, लेह थंड. तुमचं गाव यादीत नसेल तर नकाशावर जवळचं शहर पकडा. याचा व्यवहारातला अर्थ असा: मुंबईच्या इमारतीला वारा आरपार जायला हवा, म्हणून तिथे उघडणाऱ्या खिडक्या चटईक्षेत्राच्या किमान 16.66 टक्के लागतात. आपल्याकडे 10 टक्के पुरतात, कारण मेच्या दुपारी खिडकी उघडली तर भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं. मुंबईत राहणाऱ्या नातलगाने पाठवलेल्या फोटोवरून दर्शनी बाजू ठरवू नका, एवढंच म्हणणं आहे.

आता गच्ची. या तयारीतल्या बाकी सगळ्या गोष्टी विसरलात तरी चालेल, ही विसरू नका.

आमच्या आजोळी माळवदाचं घर होतं. दगड-मातीच्या हातभर जाड भिंती, लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. दुपारी तिथे चटईवर झोप लागायची. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तीच जड माळवदं आणि त्याच मातीच्या भिंती माणसांवर पडल्या. त्यानंतर लातूर-धाराशिवकडेच नाही, सगळ्या मराठवाड्यात माणसं आरसीसीकडे वळली, आणि ते बरोबरच केलं. फक्त माळवदाबरोबर त्याची सावलीही गेली, आणि तिच्या जागी काही आणायचं राहून गेलं. पाच-सहा इंची उघड्या स्लॅबमधून उष्णता किती सहज वाहते हे यू-मूल्य सांगतं; मूल्य जितकं जास्त तितकी गळती जास्त. उघड्या स्लॅबचं ते साडेतीनच्या आसपास येतं (दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या दर अंश फरकाला इतके वॉट). घरांच्या संहितेत छताची कमाल मर्यादा आहे 1.2. आपण वर चार इंच ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर टाकतो आणि ‘झालं इन्सुलेशन’ म्हणतो. त्याने आकडा सव्वादोनपर्यंत उतरतो, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. कोबा पाण्यासाठी आहे, उन्हासाठी नाही.

म्हणून कंत्राटात स्पष्ट लिहा: स्लॅब, उतार, वॉटरप्रूफिंग, त्यावर 40 मिलिमीटर एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारी कडक फोमची पाटी), त्यावर कोबा किंवा जाळी घातलेला काँक्रीटचा पातळ थर, आणि शेवटी पांढरी फरशी किंवा चायना मोझॅक. एवढ्याने यू-मूल्य 0.6 च्या आसपास येतं. शीट वॉटरप्रूफिंगच्या वर टाकायची, खाली नाही; ती पाणी पीत नाही आणि खालच्या थराला उन्हापासून वाचवते. साधा हलका थर्माकोल टाकून कुणी बिल लावत असेल तर थांबवा, तो वरच्या वजनाने दबतो. बजेट अगदीच नसेल तर किमान पांढरा रंग. ईसीबीसीत सपाट छताने उन्हाचा 60 टक्के भाग परत फेकावा अशी अट आहे. नव्या पांढऱ्या गच्चीला ते जमतं. पण आपल्या काळ्या मातीची धूळ एका उन्हाळ्यात तिला राखाडी करते. दर फेब्रुवारीत गच्ची धुवायची आठवण कॅलेंडरवर लिहून ठेवा.

गच्चीवर सौर पॅनल लावायचे असतील तर त्यांच्या खांबांचे पाय वॉटरप्रूफिंगच्या आधी ओतून घ्या. नंतर ड्रिल मारलं की एक्सपीएसलाही भोक आणि पावसाळ्यात हॉललाही. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेला 78,000 रुपये अनुदान मिळतं. पॅनलची सावली गच्चीवर पडते ती वेगळी, तिचे पैसे कुणी मागत नाही.

भिंत आणि काच यांचा हिशेब संहिता एकत्र करते. त्याला आरईटीव्ही म्हणतात, आणि थंड प्रदेश सोडून सगळीकडे तो दर चौरस मीटरला 15 वॉटच्या आत हवा. नाव घाबरवणारं आहे, हिशेब मात्र तीन तुकड्यांचा: भिंतीतून येणारी उष्णता, काचेतून वाहून येणारी उष्णता, आणि काचेतून सरळ आत येणारं ऊन. नऊ इंची विटेची भिंत, दर्शनी क्षेत्राच्या 20 टक्के साधी काच, छज्जा नाही, असं घर सगळ्या दिशांची सरासरी धरून ढोबळ मोजलं, तर भिंतीचे पावणेदहा, काचेतल्या वाहण्याचे दोन आणि सरळ उन्हाचे अकरा मिळून आकडा 23 च्या जवळ जातो. विटेऐवजी आठ इंची एएसी ब्लॉक (आत हवेची बारीक छिद्रं असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक) घेतला की भिंतीचा तुकडा साडेतीनवर उतरतो, एकूण 17. त्यावर खिडक्यांना नीट छज्जा-पडदी दिली की 14, म्हणजे पास. महागडी काच न लावता. दिशेचा गुणकही यात असतो: आपल्या अक्षांशांना उत्तरेला 0.659, पश्चिमेला 1.156. तीच खिडकी उत्तरेला नेली तर उन्हाचा भार जवळजवळ निम्मा. काळी फिल्म लावून पळवाट काढू नका. काचेतून किमान 27 टक्के उजेड यायलाच हवा अशीही अट आहे, नाहीतर दिवसा दिवे लावून वाचवलेली वीज परत जाते.

एएसी ब्लॉक घेणार असाल तर गिलावा करणारा गवंडी आधी ठरवा. ब्लॉक पाणी शोषतो, आणि विटेच्या सवयीने केलेल्या गिलाव्याला महिनाभरात केसांसारख्या चिरा जातात. सांध्यांना जाळी लावणारा माणूस हवा.

उघडणाऱ्या खिडक्या मोजताना एक चूक हमखास होते. दोन ट्रॅकची सरकती खिडकी पाच बाय चारची असली तरी उघडते निम्मीच, दहा चौरस फूट. 800 फूट चटईक्षेत्राच्या फ्लॅटला 80 चौरस फूट उघडणारं क्षेत्र लागतं. बाहेर उघडणारं बाल्कनीचं दार त्यात धरता येतं, जिन्याकडचं मुख्य दार नाही. वर झरोके द्या. रात्री गार वारा त्यातूनच येतो, आणि तापलेल्या भिंती पहाटेपर्यंत निववणं हाच कोरड्या हवेचा फायदा आहे.

मंगल कार्यालय, शोरूम किंवा रुग्णालय काढणाऱ्यांनी मात्र हे सगळं पुरेसं समजू नये. एसीसह भार 100 किलोवॅटवर सहज जातो. 2017 च्या ईसीबीसीत काच भिंतीच्या 40 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, उत्तर सोडून इतर दिशांच्या काचेचा उष्णता गुणांक, म्हणजे उन्हाच्या उष्णतेतला आत येणारा हिस्सा, 0.27 च्या आत लागतो, आणि छताचं यू-मूल्य सर्वसाधारणपणे 0.33, म्हणजे घरापेक्षा कितीतरी कडक. हे तुमचा नेहमीचा ड्राफ्ट्समन करू शकणार नाही. संहिता येणारा सल्लागार सुरुवातीलाच धरा. काचेची दर्शनी बाजू मंजूर होऊन ऑर्डर गेल्यावर त्याला बोलावलं तर तो फक्त दुःख व्यक्त करेल.

कूलरची जागा नकाशातच ठेवा. कोरड्या हवेत तो खरंच काम करतो, जूनच्या पहिल्या दमट आठवड्यापर्यंत. त्यासाठी खिडकीत स्टँड, पाण्याचा नळ, निचरा आणि हवा बाहेर जायला समोरची खिडकी लागते. पण तो दिवसाला पिंपभर पाणी सहज पितो, आणि 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं हे विसरायला नको. गच्ची नीट केली तर कूलर रात्रभर चालवावा लागत नाही, हाच त्यातला पाण्याचा हिशेब. पंखे बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या मोटरचे घ्या: साधा पंखा सुमारे 75 वॉट ओढतो, हा तीसच्या आसपास. इन्व्हर्टरची बॅटरीही जास्त टिकते, जे आमच्याकडच्या भारनियमनात कळतं.

शेवटी कागद. एएसी आणि एक्सपीएसच्या चाचणीचे दाखले, काचेवरचं लेबल, आणि थर झाकण्याआधीचे तारखेसह फोटो एका फाइलमध्ये ठेवा. कोबा पडल्यावर खाली शीट आहे की नाही हे कुणीच सांगू शकत नाही, ठेकेदार तर नाहीच. शीटचा ट्रक वॉटरप्रूफिंगच्या आठवडाभर आधी साइटवर आला आणि मोजून घेतला की मगच त्या टप्प्याचा हप्ता सोडा.