डोळ्याला अचानक काही झालं तर यूकेत आधी कुठं फोन करायचा, आणि नजर कमी झाल्यावर मदत कशी मागायची

यूकेतल्या आपल्या बऱ्याच घरांत डोळा लाल झाला, दुखायला लागला की पहिला फोन जीपीला जातो. सकाळी आठला फोनच्या रांगेत थांबायचं, मग रिसेप्शनवरची बाई सांगते की डोळ्याचं असेल तर ऑप्टिशियनला विचारा, आणि यात अर्धा दिवस जातो, डोळ्याच्या काही आजारांत हा अर्धा दिवसच महत्त्वाचा असतो. जीपीकडे डोळा आतून नीट बघायचं स्लिट लॅम्प नावाचं मशीन सहसा नसतंच, ते असतं चष्म्याच्या दुकानातल्या ऑप्टोमेट्रिस्टकडे. आपल्या डोक्यात चष्म्याचं दुकान म्हणजे नंबर काढायचा आणि फ्रेम घ्यायची एवढंच बसलंय, पण इथला ऑप्टोमेट्रिस्ट युनिव्हर्सिटीत शिकलेला असतो, जनरल ऑप्टिकल कौन्सिलकडे त्याची नोंदणी असते, तो डोळ्याचं प्रेशर मोजतो, थेंब टाकून बाहुली मोठी करून मागचा पडदा तपासतो, आणि काही जणांना औषध लिहून द्यायचाही अधिकार असतो. म्हणून डोळ्याचं काही असेल तर आधी तिकडे फोन करायची सवय लावून घ्या.

पण काही गोष्टींत दुकान नाही आणि फोनही नाही, सरळ ए अँड ई, म्हणजे हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग. डोळ्यात केमिकल गेलं, ओव्हन क्लीनर, ड्रेन क्लीनर, सिमेंट, चुना काहीही, तर पहिलं काम नळाखाली डोळा उघडा धरून किमान २० मिनिटं धुवायचा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढायची, आणि मग निघायचं. धुवायच्या आधी गाडीत बसू नका. डोळ्यात काही घुसलं असेल तर ते ओढून काढू नका, चोळू नका, तसंच घेऊन जा. एका डोळ्याची नजर अचानक गेली, डोळा भयंकर दुखतोय आणि सोबत मळमळ, उलटी, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतायत, तर तो अचानक वाढलेल्या प्रेशरचा काचबिंदू असू शकतो, आणि घरचे पित्त समजून झोपायला सांगतात हे फार वेळा होतं. दृष्टी जाण्यासोबत तोंड वाकडं, हातात जोर नाही, बोलणं अडखळतंय असं असेल तर ९९९.

आणखी एक, जे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. वय ५० च्या पुढे आहे, कानशिलापाशी नवीनच डोकेदुखी सुरू झालीय, केस विंचरताना टाळू दुखते, घास चावताना जबडा भरून येतो, आणि मधेच एका डोळ्यासमोर थोडा वेळ अंधार येऊन जातो. ही रक्तवाहिनीची सूज असू शकते, उशीर झाला तर दुसराही डोळा जाऊ शकतो, आणि त्यावर स्टेरॉइड त्याच दिवशी सुरू करावं लागतं. आई-बाबा, सासू-सासरे असं काही सहज बोलता बोलता सांगून जातात, तेव्हा "वयामुळे असेल" म्हणून सोडू नका.

लंडनच्या आसपास असाल तर सिटी रोडवरच्या मूरफिल्ड्स या डोळ्यांच्या हॉस्पिटलची स्वतःची ए अँड ई २४ तास चालते. बाकी ठिकाणी कुठल्या हॉस्पिटलात डोळ्यांची इमर्जन्सी आहे ते १११ या एनएचएसच्या फोन नंबरवर विचारा, कारण सगळ्याच ए अँड ई मध्ये रात्री डोळ्यांचा डॉक्टर नसतो.

आता दुकानात कधी? डोळा लाल, खुपतोय, पाणी येतंय, पापणीवर रांजणवाडी किंवा सूज, डोळ्यात कचरा गेल्यासारखं वाटतंय, नजर हळूहळू धूसर झालीय, डोळ्यासमोर नवीन काळे ठिपके किंवा जाळं तरंगतंय, कडेला विजेसारखे लखलखाट दिसतायत. शेवटच्या दोन गोष्टींना त्याच दिवशी फोन करायचा, कारण बहुतेक वेळा ते वयानुसार होतं पण काही वेळा मागचा पडदा फाटलेला असतो आणि फाटलेला असतानाच लेझरने बंद केला तर तो सुटण्यापासून वाचू शकतो. लखलखाटासोबत कडेने काळा पडदा सरकत आल्यासारखं दिसलं तर मात्र थेट हॉस्पिटल. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखला तर लेन्स लगेच काढा, परत घालू नका आणि त्याच दिवशी दाखवा, घरात पडलेले जुने ड्रॉप्स टाकू नका, विशेषतः स्टेरॉइडचे.

सरळ रेघा वाकड्या दिसणं हेही मनात ठेवा. दाराची चौकट, वहीच्या ओळी मधेच नागमोडी दिसतात किंवा मधोमध धूसर डाग येतो, ही वेट मॅक्युलाची, म्हणजे मागच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या आजाराची, सुरुवात असू शकते. नाइस या उपचारांच्या गाइडलाइन ठरवणाऱ्या संस्थेप्रमाणे असा संशय आला की एका वर्किंग डेच्या आत रेफरल जायला हवं आणि रेफरलपासून १४ दिवसांच्या आत उपचार मिळायला हवेत, हे आकडे माहीत असले की फोनवर ठामपणे बोलता येतं. घरच्या घरी तपासताना एकेक डोळा झाकून बघायचं, दोन्ही उघडे ठेवले तर चांगला डोळा वाईट डोळ्याचं सगळं झाकून टाकतो.

ही सेवा कुठं कशी मिळते हे यूकेच्या चारही भागांत वेगळं आहे. स्कॉटलंडमध्ये २००६ पासून डोळ्यांची तपासणी एनएचएसवर फुकट आहे आणि डोळ्याच्या तक्रारीसाठी पहिली जागा ऑप्टोमेट्रिस्टच. वेल्समध्येही तसंच, तातडीच्या तपासणीला तिथं डब्ल्यूजीओएस २ म्हणतात आणि पैसे लागत नाहीत. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये अशा तक्रारींसाठी पेअर्स नावाची योजना आहे. गोंधळ आहे तो इंग्लंडमध्ये, कारण तिथं देशभर एकच योजना नाही, भागाभागाचं आयसीबी, म्हणजे एनएचएसचं स्थानिक मंडळ, ठरवतं, कुठं त्याला मेक्स म्हणतात, कुठं क्यूज, कुठं काहीच नाही. त्यामुळे पोस्टकोड बदलला की उत्तर बदलतं, हे मला मनापासून चुकीचं वाटतं पण सध्या असंच आहे. म्हणून इंग्लंडमध्ये फोनवर पहिला प्रश्न हा विचारा, "तुमच्याकडे अर्जंट आय केअरची एनएचएस सेवा आहे का, आणि नसेल तर जवळ कुणाकडे आहे?" नाहीतर दुकान प्रायव्हेट फी घेऊन अपॉइंटमेंट देऊ शकतं आणि मग पैसे देताना कळतं. जीपीकडे नाव नोंदवलेलं असणं बहुतेक ठिकाणी लागतं.

फोनवर काय सांगायचं यावरच अपॉइंटमेंट आज मिळणार की पुढच्या आठवड्यात हे ठरतं. "आय टेस्ट हवी" म्हणालात तर ते नेहमीच्या नंबर तपासणीचीच वेळ देतील. कुठला डोळा, कधीपासून, अचानक की हळूहळू, दुखतंय का, दिसणं कमी झालंय का, उजेड सहन होतोय का, लेन्स वापरता का, आधी ऑपरेशन झालंय का, डायबेटिस आहे का, एवढं एका दमात सांगा. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल आणि डोळा दुखायला लागला, लाल झाला, तर दुकानाऐवजी हॉस्पिटलने दिलेल्या नंबरवर आधी फोन करा.

जाताना गाडी स्वतः चालवत जाऊ नका, बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की काही तास धूसर दिसतं आणि उजेड टोचतो, गॉगल न्या. जुना चष्मा, औषधांची यादी न्या. मराठीतच नीट सांगता येणारी आजी असेल तर हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटला दुभाषा मागायचा हक्क आहे, पैसे लागत नाहीत, मात्र बुक करतानाच मराठी म्हणून स्पष्ट सांगा. घरातल्या शाळकरी नातवाला दुभाषा बनवू नका, आजी त्याच्यासमोर अर्ध्या गोष्टी बोलणारच नाही.

भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-बाबा असतील तर एवढं लक्षात घ्या की ए अँड ई मधली तपासणी आणि उपचार फुकट असले तरी तिथून पुढे ॲडमिट केलं किंवा आय क्लिनिकला पाठवलं तर बिल लागतं, म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्सचा कागद हाताशी ठेवा, पण बिलाच्या भीतीने इमर्जन्सी अंगावर काढू नका.

आता दुसरा भाग, ज्याबद्दल आपल्याकडे बोललंच जात नाही. उपचार करूनही नजर परत येत नाही असं डॉक्टर सांगतात, "आता अजून काही करता येणार नाही" हे वाक्य कानावर पडतं आणि घर गप्प होतं. ते वाक्य फक्त औषध आणि ऑपरेशनपुरतं असतं. त्याच भेटीत तीन गोष्टी विचारा (प्रत्येक म्हणजे काय ते खाली आहे): सीव्हीआय मिळेल का, इथं एक्लो आहे का, लो व्हिजन क्लिनिकला पाठवाल का. आणि खरं तर उपचार संपायची वाट बघायचीही गरज नाही, इंजेक्शनं चालू असतानाही हे विचारता येतं.

सीव्हीआय म्हणजे दृष्टी कमी असल्याचं सर्टिफिकेट, त्यात साइट इम्पेअर्ड आणि सिव्हिअरली साइट इम्पेअर्ड अशा दोन पायऱ्या आहेत, इंग्लंडमध्ये त्यावर डोळ्यांच्या कन्सल्टंटची सही लागते. एकच डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर सहसा मिळत नाही. ते काउन्सिलकडे गेलं की इंग्लंडमध्ये काउन्सिलने दोन आठवड्यांत संपर्क करायला हवा, नाही केला तर तुम्ही करा. काउन्सिलच्या रजिस्टरवर नाव घालणं ऐच्छिक आहे. "आंधळा म्हणून शिक्का बसेल" म्हणून बरेच बाबा नको म्हणतात, त्यांना शांतपणे सांगा की ही यादी शेजाऱ्यांना दाखवायची नसते. नोंदणीने ट्रेनचं डिसेबल्ड रेलकार्ड, बसचा पास सोपा होतो, आणि सिव्हिअरली असेल तर टीव्ही लायसन्स अर्ध्या किमतीत आणि टॅक्समध्ये ब्लाइंड पर्सन्स अलाउन्स. पिप आणि अटेंडन्स अलाउन्स हे सरकारी भत्ते वेगळे, ते सर्टिफिकेटवर नाही, तर रोजच्या कामात किती अडचण आहे यावर मिळतात. पण व्हिसावर नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) असं लिहिलं असेल तर हे दोन मागू नका, आधी इमिग्रेशनच्या जाणकाराला विचारा.

एक्लो हा डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये बसणारा मदतनीस, डॉक्टरला वेळ नसतो ते सगळं तो समजावतो, फॉर्म भरायलाही मदत करतो. काउन्सिलचा रिहॅबचा माणूस घरी येतो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक तिथंच पडतो. मायक्रोवेव्हच्या बटणांवर उंचवटा असलेले छोटे ठिपके चिकटवतो, कपाच्या कडेला अडकवायचं एक यंत्र देतो जे चहा वरपर्यंत आला की वाजतं, पांढरी काठी कशी धरायची ते शिकवतो. ज्या बाईने आयुष्यभर घर चालवलं तिला परत स्वतःच्या हातचा चहा करता येणं ही लहान गोष्ट नाही.

लो व्हिजन क्लिनिकला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. जे वाचता येत नाही ते न्या, गोळ्यांचं पाकीट, पोथी, बँकेचं पत्र, मोबाइल. भिंग किती पॉवरचं हवं हे त्यावरूनच ठरतं आणि पोथीला चालणारं भिंग मोबाइलला चालेलच असं नाही. मोठं भिंग म्हणजे चांगलं हा गैरसमज आहे, पॉवर वाढली की एका वेळी दिसणारी अक्षरं कमी होतात आणि भिंग अगदी जवळ धरावं लागतं, म्हणून सवय व्हायला दिवस जातात. बऱ्याचदा भिंगापेक्षा टेबलावरचा चांगला दिवा जास्त कामाला येतो, दिवा डोक्यावर नको, कागदाजवळ हवा. वेल्समध्ये ही सेवा २००४ पासून गावागावच्या ऑप्टोमेट्रिस्टकडेच मिळते आणि भिंगं वापरायला फुकट देतात.

गाडी चालवणाऱ्यांनी, नजरेचा आजार दोन्ही डोळ्यांत असेल तर डीव्हीएलए या लायसन्स देणाऱ्या खात्याला कळवावंच लागतं, न कळवल्यास १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. २० मीटरवरची नंबर प्लेट वाचता येणं ही पहिली अट, दोन्ही डोळे मिळून डोळे तपासायच्या तक्त्यावर ६/१२ नजर ही दुसरी.

शेवटी एक, कारण याने लोक फार घाबरतात. नजर बरीच कमी झालेल्या काही जणांना नसलेल्या गोष्टी दिसतात, भिंतीवर नक्षी, खोलीत उभी माणसं, लहान मुलं. आवाज नसतो, फक्त दिसतं. आपल्याकडची आजी हे कुणाला सांगत नाही, कारण तिला वाटतं वेड लागलं किंवा बाहेरची बाधा आहे, आणि घरच्यांना कळलं तर ते डिमेन्शिया समजतात. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात, या स्विस माणसाने १७६० मध्ये आपल्या आजोबांना असं दिसायचं ते लिहून ठेवलं. डोळ्यांकडून माहिती कमी आली की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. तुम्हीच आपणहून विचारा, "आजी, कधी नसलेलं काही दिसतं का गं?" दिसत असेल तर जीपीला आणि आय क्लिनिकला दोघांनाही सांगा, म्हणजे बाकी कारणं तपासता येतील. दिसत असताना दिवा लावणं, उठून जागा बदलणं, नजर डावीकडून उजवीकडे पटापट फिरवणं याने चित्र बऱ्याच जणांचं जातं. बोलायला कुणी हवं असेल तर आरएनआयबी या नजर कमी असलेल्यांसाठीच्या संस्थेची हेल्पलाइन ०३०३ १२३ ९९९९, सीव्हीआय नसलं तरी तिथं फोन करता येतो आणि घरच्यांनी केला तरी चालतो.